डिझेल गाडीला पाण्याच्या तापमानाचे वेगळे मीटर बसवताना

डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा मधोमध उभा असला की इंजिनाची तब्येत ठीक आहे, असे आपण धरून चालतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र पाणी साधारण ७५-८० अंश सेल्सिअसला पोचले की काटा मध्यावर जातो आणि १०५-११० अंशांपर्यंत तिथून हलतच नाही. काटा थोडा हलला म्हणून मालकाने घाबरून गॅरेज गाठू नये, यासाठी कंपन्यांनी केलेली ही सोय आहे. परिणाम असा होतो की काटा प्रत्यक्ष चढायला लागतो तेव्हा सावध होण्याची वेळ बरीचशी निघून गेलेली असते आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधली पातळ पट्टी) उडण्याची किंवा हेड वाकण्याची वेळ जवळ आलेली असते. जुन्या गाड्यांत काटा प्रामाणिक असतो, पण त्यावर आकडे नसतात. ‘सी’ आणि ‘एच’ या दोन अक्षरांमध्ये ९० अंश कुठे आणि १०० कुठे, हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून घाटातून नेहमी ये-जा करणारे, सामान वाहणारे किंवा ट्रेलर ओढणारे अनेक जण पाण्याच्या तापमानाचे वेगळे मीटर बसवून घेतात. हे काम अवघड नाही. सुट्टीच्या एका दिवसात ते घरच्या घरी होते. मीटर खरे बोलते की खोटे, हे मात्र त्याच्या तबकडीवर ठरत नाही. सेन्सर कुठे बसवला आणि त्याची अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) कशी केली, या दोन गोष्टींवर ते ठरते. बाजारात हजार रुपये जास्त मोजून चकचकीत मीटर आणणारे याच दोन गोष्टींत घाई करतात, असा माझा अनुभव आहे, आणि पहिल्या खेपेला मीही तेच केले होते.

पुढची माहिती १२ व्होल्टच्या जुन्या डिझेल जीपगाड्या आणि पिकअप डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. ट्रक आणि बस बहुधा २४ व्होल्टच्या असतात. त्यांना त्याच व्होल्टेजचे मीटर लागते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या गाडीत इंजिनाच्या संगणकाला पाण्याचे तापमान आधीच कळत असते आणि ओबीडी (गाडीतला बिघाड तपासण्याच्या) सॉकेटला जोडायचे छोटे मीटर ते आकड्यांत दाखवते. तिथे सेन्सरसाठी होस पाइप (रेडिएटरला जाणारा रबरी पाइप) कापण्याचे कारण नाही, शिवाय वॉरंटी चालू असताना तार तोडली किंवा पाइप कापला तर पुढे वाद होण्याची शक्यता असते.

मीटर निवडताना

५२ मिलिमीटर व्यासाचे मीटर सर्वत्र मिळते आणि त्याचे कप, स्टँडही सहज मिळतात. तबकडीवर अंशांचे स्पष्ट आकडे असावेत आणि ठरावीक तापमानाला वाजणारा अलार्म असावा. अलार्म नसेल तर निम्मा उपयोग गेला असे समजावे, कारण घाटात वळणे घेताना नजर रस्त्यावर असते आणि ती तिथेच असायला हवी. ट्रॅक्टरला असते तसे, पातळ तांब्याच्या नळीने जोडलेले यांत्रिक मीटरही मिळते. त्याला वीज लागत नाही, पण ती नळी कुठे मुडपली किंवा चिरली की मीटर टाकून द्यावे लागते, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सेन्सरची जागा

मीटरच्या खोक्यात बहुतेक वेळा दोनपैकी एका प्रकारचा सेन्सर येतो. पहिला म्हणजे आटे असलेला पितळी सेन्सर. गॅरेजमध्ये याला ‘बल्ब’ही म्हणतात. त्याचे टोक पाण्यात बुडलेले राहावे लागते. दुसरा म्हणजे वॉशरसारखी कडी असलेला सेन्सर. तो इंजिनाच्या धातूवर एखाद्या बोल्टखाली दाबून बसवायचा असतो.

पितळी सेन्सर बसवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या (पाणी ठरावीक तापमानाला पोचले की उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर, थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला, कंपनीने स्क्रू मारून बंद केलेले एखादे जादा भोक. असे भोक असेल तर आपण नशीबवान. नसेल तर मूळ सेन्सर काढून त्याजागी नवा बसवण्याचा मोह टाळावा, कारण मूळ काटा आणि काही गाड्यांत इंजिनाचा संगणकही त्या सेन्सरवर अवलंबून असतो. टी-जोड लावून दोन्ही सेन्सर एकाच भोकावर बसवण्याची युक्ती काही जण करतात. त्यात दोन्ही सेन्सरची टोके वाहत्या पाण्यापासून लांब, साचलेल्या पाण्यात राहतात आणि दोन्ही मीटर कमी तापमान दाखवतात. एका खऱ्या काट्याच्या जागी दोन खोटे काटे हाती येतात.

उरलेला आणि सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे रेडिएटरच्या वरच्या होस पाइपमध्ये ॲल्युमिनियमचा अडॅप्टर बसवणे. बहुसंख्य इंजिनांत थर्मोस्टॅट पाणी इंजिनातून बाहेर पडण्याच्या तोंडाशी असतो आणि वरचा होस त्याच्या पुढे असतो. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडेपर्यंत या होसमध्ये गरम पाणी येतच नाही, त्यामुळे सकाळी पहिली काही मिनिटे मीटर थंड राहते आणि मग एकदम वर चढते. हा बिघाड नव्हे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होसच्या बाजूला असतो आणि तिथे वरचा होस इंजिनाबरोबर हळूहळू तापतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे पाहायचे असेल तर थंड इंजिन चालू करावे, दर दोन-तीन मिनिटांनी बंद करावे आणि वरच्या होसला हात लावून पाहावा. चालू पंख्याजवळ हात नेऊ नये.

होसमधल्या सेन्सरचा खरा दोष मात्र वेगळा आहे. पाइप फुटला आणि पाणी वाहून गेले, तर सेन्सरच्या टोकाभोवती फक्त हवा आणि वाफ उरते. हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही, म्हणून इंजिन आतून जळत असताना मीटरचा आकडा खाली येऊ लागतो. ज्या प्रसंगासाठी मीटर बसवले, नेमक्या त्याच प्रसंगी ते आंधळे होते. कडीचा सेन्सर इथे उजवा ठरतो, कारण तो हेडच्या धातूचे तापमान मोजतो आणि पाणी असो वा नसो, धातू तापला की ओरडतो. त्याचा आकडा पाण्याच्या तापमानापेक्षा काही अंश वेगळा असतो, पण आपल्याला बदल कळायला हवा असतो आणि तो त्यातून कळतो. दोन्हींपैकी एकच घ्यायचा झाल्यास मी कडीचा सेन्सर आणि अलार्म घेईन. तो थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचा किंवा हेडवर बसवलेल्या एखाद्या ब्रॅकेटचा बोल्ट काढून त्याखाली बसवता येतो. हेड बोल्टला मात्र हात लावायचा नाही, आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या बाजूचा बोल्टही निवडायचा नाही.

कडीचा सेन्सर घेणाऱ्यांनी पातेल्यातली परीक्षा उरकून, होस कापण्याचा भाग सोडून, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून थेट वायरिंगकडे यावे.

आधी पातेल्यात परीक्षा

गाडीला हात लावण्याआधी मीटर, सेन्सर आणि बॅटरी तात्पुरत्या तारांनी जोडून सेन्सरचे टोक उकळत्या पाण्यात धरावे. एकाच तारेचा पितळी सेन्सर असेल तर त्याच्या अंगाला बॅटरीच्या निगेटिव्हपासून वेगळी तार लावावी लागते, नाहीतर मीटर काहीच दाखवणार नाही. मुंबईत किंवा पणजीत मीटरने १०० दाखवायला हवे. पुण्यात सुमारे ९८ आणि महाबळेश्वरात सुमारे ९५, कारण उंचीवर पाणी लवकर उकळते. दोन अंशांचा फरक चालेल. पाच-सहा अंशांचा फरक दिसला तर मीटर दुकानदाराला परत करण्याची हीच वेळ आहे. एकदा होस कापला की तो परत घेणार नाही.

होस, अडॅप्टर आणि आटे

अडॅप्टर घेण्यापूर्वी होसचा आतला व्यास व्हर्निअरने मोजावा. २८ पासून ३८ मिलिमीटरपर्यंतचे अडॅप्टर मिळतात आणि ‘साधारण बसेल’ या अंदाजाने घेतलेला अडॅप्टर पहिल्याच चढाला गळतो. सेन्सरचे आटे आणि अडॅप्टरचे आटेही जुळले पाहिजेत. १/८ एनपीटी आटे इंचाला २७ असतात, १/८ बीएसपी आटे इंचाला २८ असतात आणि एम-१० बाय १ हा तिसराच प्रकार आहे. हे तिन्ही हाताळताना सारखेच वाटतात आणि एकमेकांत दोन-तीन फेरे सहज फिरतातही. पुढे अडले की माणूस पान्याने जोर लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. सेन्सर शेवटपर्यंत हाताने गुळगुळीत जात नसेल तर थांबावे.

काम पूर्ण थंड इंजिनावर, म्हणजे शक्यतो सकाळी, सपाट जागी करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते आणि झाकण सैल होताच ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. मग रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडून पाण्याची पातळी वरच्या होसच्या खाली येईपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे, रसायन मिसळलेले पाणी) स्वच्छ भांड्यात काढावे. सगळे काढण्याची गरज नसते. कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असते, म्हणून ते अंगणात सांडू नये आणि भांडे उघडे ठेवू नये. कुत्री-मांजरे ते चाटतात.

होस गाडीवरून पूर्ण काढून घ्यावा आणि त्याच्या सरळ भागावर, वळणापासून दूर, धारदार सुरीने एकाच काटकोनी कापात कापावा. करवतीने कापल्यास रबराचे धागे सुटतात आणि तिथून झिरप सुरू होते. अडॅप्टर मध्ये घेतल्यावर होस लांब होऊन पंख्याकडे झुकत असेल, तर तेवढाच तुकडा आणखी काढावा. होस जुना असून दाबल्यावर चिरा दिसत असतील तर त्याला कापण्यात वेळ घालवू नये. नवा घ्यावा आणि तोच कापावा.

सेन्सर अडॅप्टरमध्ये आधीच बसवून घ्यावा. एनपीटी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे पुरेत, तेही टोकाचा पहिला आटा मोकळा सोडून. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने साधारण एक ते दीड फेरा द्यावा. हे आटे निमुळते असल्याने जास्त पिळले की अडॅप्टर तडकतो. एका तारेच्या सेन्सरची अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते, त्यामुळे टेपचे जाड थर गुंडाळले तर गळती थांबते खरी, पण अर्थिंगही तुटते. अडॅप्टर दोन्ही बाजूंनी जुबिली क्लिपने (स्क्रूने आवळायच्या धातूच्या पट्टीने) आवळावा आणि सेन्सर बाजूला तोंड करून राहील असा फिरवावा. सेन्सर अगदी वर राहिला तर हवेचा बुडबुडा नेमका तिथेच अडकून बसतो.

अर्थिंग आणि वायरिंग

रबरी होसमध्ये बसवलेला अडॅप्टर इंजिनाला कुठेही धातूने टेकत नाही. म्हणजे एका तारेच्या सेन्सरला त्यात आपोआप अर्थिंग मिळत नाही. अडॅप्टरला अर्थिंगसाठी छोटा स्क्रू दिलेला असतो. नसेल तर जुबिली क्लिपखाली उघडी तार न दाबता अडॅप्टरलाच लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) लावण्याची सोय करून घ्यावी, आणि तिथून तार थेट इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला न्यावी. या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो. अर्थिंग गंजली आणि वाटेत जादा रोध आला, तर मीटरला वाटते की पाणी थंड आहे. खराब अर्थिंगने मीटर बंद पडले असते तर बरे झाले असते. ते चालू राहते आणि धीर देणारा खोटा आकडा दाखवते.

माझी चूक उलट्या टोकाला झाली होती. सेन्सरची अर्थिंग नीट होती, पण मीटरची काळी तार मी डॅशबोर्डमागच्या हाताशी आलेल्या एका ब्रॅकेटला लावली. दिवसा सगळे ठीक चालले. रात्री हेडलाइट लावले की आकडा तत्क्षणी सहा-सात अंशांनी वर जाई आणि दिवे बंद केले की उतरे. एका वायरमनने सेन्सर बदलायला सांगितले आणि मी तो बदललाही. अर्थातच काही फरक पडला नाही. कारण इतकेच होते की त्या ब्रॅकेटमधून दिव्यांचा प्रवाहही परत जात होता आणि तिथली पातळी इंजिनाच्या तुलनेत किंचित वर उचलली जात होती. काळी तार वेगळी काढून सेन्सर जिथे अर्थ केला होता त्याच जागी नेली आणि काटा शांत झाला. हे तपासणे सोपे आहे: इंजिन चालू ठेवून सगळे दिवे लावावेत आणि मल्टिमीटरचे एक टोक मीटरच्या काळ्या तारेला, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची जागा चुकली आहे.

मीटरला साधारणपणे चार जोड असतात: चावी फिरवल्यावर मिळणारा पुरवठा, अर्थिंग, रात्रीच्या उजेडाची तार आणि सेन्सरची तार, काहींना कायम चालू पुरवठ्याची पाचवी तार असते. तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून सोबतच्या कागदावरच भरवसा ठेवावा. चावीचा पुरवठा फ्यूज बॉक्समधून, रेडिओसारख्या बिनमहत्त्वाच्या फ्यूजवर फ्यूज टॅप (त्याच जागेवरून जादा तार काढायची पिन) लावून घ्यावा. आधी बॅटरी तात्पुरती जोडून मल्टिमीटरने चावी चालू असताना १२ व्होल्ट आणि बंद असताना शून्य येते याची खात्री करावी. मीटरसाठी ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज पुरतो. बॅटरीवरून थेट तार आणायची वेळ आलीच, तर फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. मीटरजवळ लावलेला फ्यूज वाटेत घासलेल्या तारेला पेटण्यापासून वाचवत नाही. उजेडाची तार पार्किंग लाइटच्या पुरवठ्याला जोडावी.

इंजिनाकडून केबिनमध्ये येताना फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातल्या) मूळ रबरी ग्रोमेटमधूनच तार न्यावी. उघड्या पत्र्याच्या भोकातून नेलेली तार महिन्या-दोन महिन्यांत कापली जाते. इंजिनाच्या बाजूला तार प्लॅस्टिकच्या लवचीक नळीत घालावी, केबल टायने बांधावी आणि मॅनिफोल्ड, टर्बो, पंखा व बेल्ट यांपासून दूर ठेवावी. केबिनमध्ये ती क्लच-ब्रेकच्या पेडलांत आणि स्टीअरिंगच्या दांड्यात अडकत नाही, हे स्टीअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून आणि तिन्ही पेडल दाबून पाहावे. तारांचे जोड लग दाबून आणि त्यावर हीट श्रिंक नळी तापवून करावेत. पिळ मारून टेप गुंडाळलेला जोड एप्रिल-मेच्या उन्हात सुटतो; टेपचा चिकटा वितळून खाली ओघळतो आणि तार उघडी पडते. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळे कनेक्टर आणि पिवळ्या नळीतल्या तारा यांना अजिबात हात लावू नये. बाजूचे पडदा-एअरबॅग असतील तर खिडकीलगतच्या खांबावर मीटरचा कपही बसवू नये. एअरबॅग उघडली तर तो कप आपल्याच अंगावर येईल.

पाणी भरणे आणि हवा काढणे

होस परत बसवून, बॅटरी जोडून, काढलेले कूलंट स्वच्छ असेल तर गाळून तेच भरावे. कमी पडल्यास त्याच प्रकारचे घालावे; रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असे नसते. हीटर असेल तर त्याचा नॉब पूर्ण गरमवर ठेवावा, रेडिएटरचे झाकण उघडेच ठेवून थंड इंजिन चालू करावे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ते तसेच मंद चालू द्यावे. बुडबुडे येऊन पातळी खाली जाईल तसतशी भर घालावी आणि बुडबुडे थांबले की झाकण लावावे. झाकण रेडिएटरवर नसून दाबाच्या टाकीवर असेल, तर हवा काढण्याचा स्क्रू कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी पुन्हा पाहावी. ती बहुधा थोडी उतरलेली असतेच.

आकडे ओळखीचे होईपर्यंत

पहिला आठवडा अलार्म ११० वर ठेवून फक्त आकडे लिहून काढावेत. डिझेल इंजिन उभ्या गाडीत फारसे तापत नाही, ते ओझ्याखाली तापते. म्हणून घरासमोर उभी करून पाहिलेल्या आकड्याचा उपयोग नाही. सपाट महामार्गावर, शहरातल्या गर्दीत, एसी चालू ठेवून, आणि मग भरलेल्या गाडीने खऱ्या चढणीला, असे वेगवेगळे आकडे हवेत. कसारा, कुंभार्ली किंवा पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी यांपैकी जवळचा घाट दुपारच्या वेळी एकदा चढून यावे. सपाटीवर ८५ ते ९२ आणि घाटात १०० च्या आसपास, असे आकडे निरोगी गाडीत दिसतात, पण आपल्या गाडीचा आकडा आपणच ठरवायचा. घाटात दिसलेल्या सर्वाधिक आकड्याच्या पाच अंश वर अलार्म लावावा. पुढे कधी त्याच घाटात, त्याच ओझ्याने आकडा सात-आठ अंश जास्त आला, तर रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला आहे, पंख्याचे कपलिंग थकले आहे किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. मूळ काटा तेव्हाही मध्यावरच असतो.

अलार्म वाजलाच तर एसी बंद करावा, खालचा गिअर घ्यावा, ॲक्सिलरेटर कमी करावा आणि हीटर पूर्ण गरमवर सोडावा. उन्हाळ्यात हे नको वाटते, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्यावी. बेल्ट जागेवर आहे आणि पाणी कुठे गळत नाही असे दिसले, तर इंजिन बंद न करता मंद चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहते आणि टर्बोही हळूहळू निवतो. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी गेले असेल तर मात्र त्याच क्षणी बंद करावे. आकडा अचानक उतरू लागला म्हणून सुटकेचा श्वास टाकण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे, कारण होसमध्ये सेन्सर असलेल्यांना पाणी संपल्याचीच ती खूण असू शकते. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या झालेल्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतू नये. अर्धा-पाऊण तास थांबावे लागले तरी थांबावे.

अडॅप्टर बसवल्याने होसला दोन नवे जोड तयार झालेले असतात आणि रबर पहिल्या काही तापण्या-निवण्यांत बसते, त्यामुळे पाचशे किलोमीटर झाल्यावर चारही क्लिप थंड इंजिनावर एकदा पुन्हा आवळाव्यात. टूलबॉक्समध्ये त्या मापाच्या दोन जादा क्लिप, एक पेचकस आणि पाच लिटर पाण्याचा कॅन ठेवावा.